कवटीवरून डोळे कसे ठरवतात? हाड काय सांगते आणि काय सांगत नाही

वसुधा_के

२०२५ च्या जूनमध्ये तमिळनाडूतल्या कीळडी या पुरातत्त्वस्थळाजवळच्या कोंडगैचे दोन चेहरे प्रसिद्ध झाले. तिथे मिळालेल्या दोन पुरुषांच्या कवट्यांवरून मदुराई कामराज विद्यापीठ आणि लिव्हरपूल जॉन मूर्स विद्यापीठाची फेस लॅब यांनी मिळून ते तयार केले. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही ते फिरले. खाली जी चर्चा झाली ती जवळजवळ सगळी डोळ्यांवर. 'नजर किती शांत आहे', 'आपल्याकडच्या माणसासारखेच डोळे' वगैरे. मी बरीच वर्षे शरीररचनाशास्त्र शिकवले आहे, म्हणून यावर सविस्तर लिहावेसे वाटले.

कवटीत डोळा नसतो, खोबण असते. मग डोळा कुठे बसवायचा, किती पुढे काढायचा, त्याचे कोपरे कुठे, पापणी कशी, रंग कोणता? हे पाच वेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाच्या उत्तरामागचा पुरावा वेगळ्या ताकदीचा आहे. बघणाऱ्याला मात्र सगळे एकाच खात्रीने समोर दिसते. माझी तळमळ आहे ती यासाठी.

आधी जागा. मोठ्या माणसाची खोबण साधारण ४० मिमी रुंद आणि ३५ मिमी उंच. नेत्रगोल मात्र जेमतेम २४ मिमी व्यासाचा, आणि माणसामाणसात त्यात एक-दोन मिलिमीटरचाच फरक. उरलेली जागा चरबी, स्नायू, नसा आणि अश्रुग्रंथी यांची. म्हणजे गोळा कुठे बसवायचा याला बराच वाव आहे. जुन्या पाठ्यपुस्तकांतला नियम असा: गोळा खोबणीच्या बरोबर मध्यभागी ठेवा, खोबणीच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत पट्टी टेकवा, आणि पारपटलाचे, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचे, टोक त्या पट्टीला लागू द्या. करायला सोपा, म्हणून पिढ्यान् पिढ्या वापरला गेला.

२००२ मध्ये कवटीवरून चेहरा घडवण्याच्या शास्त्राचे संशोधक कार्ल स्टीफन यांनी हा नियम जिवंत माणसांच्या मोजमापांशी ताडून पाहिला. डोळा किती पुढे आहे हे नेत्रतज्ज्ञ फार आधीपासून मोजत आले होते. त्या आकड्यांपुढे जुना नियम डोळा सुमारे ४ मिमी आत ढकलतो असे निघाले. पुढच्याच वर्षी याच क्षेत्रातल्या कॅरोलाइन विल्किन्सन आणि सोफी मॉटनर यांनी एमआरआयवर मोजले, तर ती पट्टी पारपटलाच्या टोकाला न लागता त्यामागच्या रंगीत पडद्याला लागते असे दिसले. मग २००८ मध्ये स्टीफन आणि डेव्हिडसन यांनी मृतदेहांवर विच्छेदन करून दाखवले की गोळा मध्यभागीही नसतो. तो एक-दोन मिलिमीटर वर आणि बाहेरच्या बाजूला सरकलेला असतो. पुढे सीटी स्कॅनवर झालेल्या मोठ्या अभ्यासांनीही हेच सांगितले.

४ मिमी म्हणजे काय, ते आरशासमोर समजणार नाही. पण मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाचे खोल गेलेले डोळे आठवा. कित्येक वर्षे पुनर्रचनेतले बरेच चेहरे थोडे तसे आजारी दिसत होते. ही मोजमापे नेत्रविभागात पडून होती, फक्त कवटीवर काम करणारी माणसे तिकडे वळली नव्हती. याचे मला अजून वाईट वाटते, कारण त्यातले काही चेहरे कुणाच्या तरी बेपत्ता माणसाचे होते.

आता कोपरे. इथे हाड खरोखर बोलते. हातात सुकी कवटी असेल तर कपाळाचे हाड आणि गालाचे हाड जिथे जुळते तो सांधा खोबणीच्या बाहेरच्या कडेवर शोधा. तिथून साधारण ११ मिमी खाली या, आणि बोट कडेच्या किंचित आत वळवून हळूच फिरवा. एक बारीकसा उंचवटा लागतो. डोळ्यांना दिसण्याआधी बोटाला कळतो. हा व्हिटनॉलचा उंचवटा, १९११ मध्ये वर्णिलेला. पापण्यांचा बाहेरचा कोपरा ज्या दोरीने बांधलेला असतो ती इथे अडकते. बहुतेक कवट्यांवर तो सापडतो. आतल्या कोपऱ्यासाठी नाकाकडची अश्रुपिशवीची खाच आणि तिच्या पुढची धार बघायची. फक्त तिथले हाड कागदासारखे पातळ असते आणि जमिनीतून निघालेल्या कवटीत ते बहुतेकदा फुटलेले मिळते. दोन्ही कोपरे मिळाले की डोळ्याची लांबी आणि तिरपेपणा बऱ्यापैकी हाती येतो.

पापणी आणि रंगाबद्दल खाली प्रतिसादांत लिहिते, इथे फार लांबेल.

---

मिनोती

वसुधाताई, फार छान लिहिलंय. माझा प्रश्न अगदी घरगुती आहे. आमच्याकडे आजीचे, बाबांचे, माझे, सगळ्यांचे डोळे घारे. उद्या कुणाला माझी कवटी मिळाली तर हे कळेल का?

---

डॉ_नेत्रवैद्य

धागा आवडला. माझ्या रोजच्या कामातली भर घालतो.

ज्या मोजमापांचा उल्लेख आला आहे ती आम्ही हर्टेलच्या उपकरणाने घेतो. त्याचे दोन पाय खोबणीच्या बाहेरच्या कडांवर टेकवायचे आणि बाजूच्या आरशात पारपटलाचे टोक मिलिमीटरच्या पट्टीवर वाचायचे. थायरॉइडच्या रुग्णाचे डोळे पुढे येऊ लागले की हे दर भेटीला करावे लागते. निरोगी माणसात हा आकडा साधारण १२ ते २१ मिमीच्या दरम्यान येतो. दोन डोळ्यांत २ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर आम्ही पुढच्या तपासण्या सांगतो.

म्हणजे ताईंनी सांगितलेली ४ मिमीची चूक आमच्या ओपीडीत कुणीही चालवून घेणार नाही. पण दुसरी बाजूही लक्षात घ्या. निरोगी माणसांतच १२ ते २१ एवढी तफावत आहे आणि तिचे कारण पूर्णपणे हाडात नाही. खोबणीतली चरबी वयाने कमी होते, उपासमारीने होते, आजाराने वाढते. आफ्रिकी वंशाच्या लोकांत सरासरी जास्त, पूर्व आशियात कमी. सुधारलेला नियमसुद्धा सरासरीच देतो. त्या एका माणसाचा डोळा देत नाही.

---

वसुधा_के

डॉक्टर, अगदी नेमके. हर्टेलची माहिती इथे यायलाच हवी होती.

मिनोती, हाडावरून रंग कळत नाही. अजिबात नाही. रंगाचा सगळा खेळ बुबुळाच्या पडद्यातल्या रंगद्रव्याचा, आणि त्याची कोणतीही खूण खोबणीवर उमटत नाही. रंग सांगायचा तर दात किंवा आतल्या कानाभोवतीच्या घट्ट हाडातून डीएनए मिळायला हवा. २०११ मध्ये आयरिसप्लेक्स नावाची चाचणी आली. ती डीएनएमधल्या सहा जागा तपासते. सर्वात महत्त्वाची जागा एचईआरसी-२ या जनुकात आहे, आणि ती शेजारच्या ओसीए-२ या जनुकाचे काम कमीजास्त करते. निळा आणि तपकिरी हे दोन रंग ही चाचणी चांगले ओळखते. मधले रंग मात्र तिला नीट जमत नाहीत. हिरवट, मधाळ, घारे, सगळे त्या मधल्या रकान्यात जातात. शिवाय तिची बांधणी युरोपातल्या लोकांच्या नमुन्यांवर झाली आहे. त्यामुळे तुझ्या डोळ्यांबद्दल तिने 'तपकिरी' असे ठामपणे सांगितले तरी मला नवल वाटणार नाही.

रंगाचे सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्डचे. २०१२ मध्ये लेस्टरच्या एका वाहनतळाखाली त्याचा सांगाडा निघाला आणि २०१३ च्या फेब्रुवारीत विल्किन्सन यांच्या गटाने घडवलेला चेहरा जगासमोर आला. केस आणि डोळे अर्थात चित्रांच्या आधारे, आणि ती चित्रे सगळी त्याच्या मृत्यूनंतरची. २०१४ च्या शेवटी डीएनएचा निकाल आला: डोळे निळे असण्याची शक्यता ९६ टक्के, केस सोनेरी असण्याची ७७ टक्के. मग त्या चेहऱ्याचे रंग बदलले. कवटी तीच, हाडावर आधारलेला भाग तोच, तरी दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर माणूस वेगळा वाटतो. रंगाचे वजन इतके आहे, आणि म्हणूनच तो अंदाजाने भरणे मला पटत नाही.

---

पेणचा_राजू

नमस्कार. मी गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतो. आमच्यात आखणीवाला वेगळा असतो. मूर्ती कितीही देखणी असो, आखणी बिघडली की गिऱ्हाईक उचलत नाही. वरच्या पापणीची रेघ अर्धा दोरा खाली आली तरी बाप्पा झोपाळू दिसतो, आणि बुबुळात पांढरा ठिपका टाकल्याशिवाय मूर्ती आपल्याकडे बघत नाही.

ताई, मला विचारायचं होतं की हे लोक कवटीवर माती लावतात तेव्हा डोळ्यात काय घालतात? आणि पापणी कशावरून ठरवतात? कारण कारागिराचा हात सर्वांत जास्त तिथेच दिसतो.

---

वसुधा_के

राजूदादा, तुमच्या प्रश्नाने मूळ दुखण्यावर बोट ठेवलंत.

मातीच्या कामात कवटीची प्रतिकृती घेतात आणि खोबणीत कृत्रिम डोळा किंवा साधारण २४-२५ मिमीचा गोळा बसवतात. मग त्यावर मातीची पातळ पट्टी लावून पापण्या घडवतात, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. संगणकावर करणारेही हेच करतात, फक्त माती पडद्यावरची असते.

पापणीचा आधार फार कमकुवत आहे. या कामाचा पाया घालणाऱ्यांत सोव्हिएत रशियाचे मिखाइल गेरासिमोव्ह होते. १९४१ च्या जूनमध्ये समरकंदला तैमूरलंगाची कबर उघडली तेव्हा ते तिथे होते, आणि तैमूरचा चेहरा त्यांनीच घडवला. त्यांच्या परंपरेत खोबणीच्या वरच्या कडेच्या ठेवणीवरून पापणीची घडी आणि भुवईचा आकार सांगणारे नियम आहेत. कड अशी असेल तर पापणीवर कातडी ओघळते, तशी असेल तर नाही. यातल्या बऱ्याच नियमांची तपासणी मोठ्या संख्येने जिवंत माणसांवर झालेली नाही. अनुभवी हातांचे निरीक्षण म्हणून मला त्यांचा आदर आहे, पण त्यांना मोजमाप म्हणायला माझे मन धजत नाही. पूर्व आशियातल्या लोकांत आतल्या कोपऱ्यावर जी कातडीची घडी दिसते, तीसुद्धा हाडावर खात्रीने वाचता येत नाही. कवटी कोणत्या लोकसमूहातली असावी हे आधी ठरवायचे आणि त्या समूहात जे बहुधा असते ते घालायचे, असा तो मार्ग आहे.

नजर तर सर्वस्वी घडवणाऱ्याची. तुमचा पांढरा ठिपका तिथेही असतो. म्हणूनच पोलिसांसाठी काम करताना नजर सरळ आणि भाव कोरा ठेवावा असा आग्रह धरतात.

---

इतिहासवेडा

डोळे आणि कवटी म्हटले की मला एक जुना खटला आठवतो, आणि त्याचा धागा मुंबईशी जुळतो.

बक रक्स्टन हा इंग्लंडमधल्या लँकेस्टरचा डॉक्टर. मूळ नाव बुख्त्यार रुस्तमजी रतनजी हकीम, मुंबईच्या पारशी कुटुंबातला, वैद्यकीचे शिक्षणही मुंबईतच. १९३५ च्या सप्टेंबरमध्ये त्याने पत्नी म्हणून त्याच्यासोबत राहणारी इझाबेला (कायदेशीर लग्न झाले नव्हते) आणि मुलांना सांभाळणारी तरुण मेरी रॉजरसन या दोघींचा खून केला. २९ सप्टेंबरला स्कॉटलंडमधल्या मॉफट गावाजवळच्या ओढ्यात तुकडे सापडले, वर्तमानपत्रांत आणि कपड्यांत गुंडाळलेले.

डॉक्टर असल्यामुळे ओळख कशाने पटते हे त्याला पक्के ठाऊक होते, आणि त्याने नेमके तेच नाहीसे केले. मेरीच्या एका डोळ्यात तिरळेपणा होता. तिच्या म्हणून ठरलेल्या शिरातले डोळे काढून टाकलेले होते.

मग ग्लासगोचे ग्लेस्टर आणि एडिंबराचे ब्रॅश यांनी कवट्यांचे फोटो त्या दोघींच्या हयातीतल्या फोटोंवर बसवून पाहिले. इझाबेलाचा मुकुटासारखा दागिना घातलेला एक स्टुडिओतला फोटो होता. तो दागिना प्रत्यक्ष मोजून फोटो किती पट मोठा करायचा ते काढले आणि मग कवटी त्यावर ठेवली. एक कवटी बसली, दुसरी बसली नाही. १२ मे १९३६ ला मँचेस्टरच्या तुरुंगात रक्स्टनला फाशी झाली.

ताई, तिरळेपणा हाडावरून कळला असता का?

---

वसुधा_के

नाही. तिरळेपणा सहसा डोळा फिरवणाऱ्या स्नायूंचा आणि त्यांच्या नसांचा. ते गेले की खूण गेली. मोतीबिंदू, बुबुळावरचे फूल, पापणी लोंबणे, यातलेही काही हाडावर राहत नाही. ओळखीचा माणूस मात्र नेमके हेच आधी सांगतो. लहानपणीच एक डोळा काढावा लागला असेल तर खोबण लहान राहते, कारण वाढत्या वयात खोबण डोळ्याबरोबर मोठी होत असते. हा एक अपवाद हाडावर वाचता येतो.

---

निवृत्त_फौजदार

मॅडम, प्रत्यक्षात काय होते ते सांगतो.

घाटात, जंगलात, खाडीकाठी सांगाडा मिळाला की अकस्मात मृत्यूची नोंद होते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १९४. पंचनामा, वैद्यकीय अधिकाऱ्याचा अभिप्राय, हाडे न्यायवैद्यक विभागाकडे, डीएनएसाठी मुंबईतली कलिनाची न्यायवैज्ञानिक प्रयोगशाळा. पण डीएनए जुळवायला समोर आई, बाप, मूल कुणीतरी लागते. नावच माहीत नसेल तर कुणाचे रक्त घेणार? जिल्ह्याजिल्ह्यातल्या मिसिंगच्या नोंदी चाळत बसायचे. अशा वेळी चेहरा मिळाला तर त्याचे काम एकच: कुणीतरी फोन करून 'हा आमचा असेल का' एवढे विचारावे. पुढचे डीएनए बघून घेईल.

संशय असलेल्या माणसाचा फोटो हाती असेल तर आपल्याकडे सुपरइम्पोझिशन करतात. कवटी आणि फोटो एकावर एक. तिथेही डोळ्याकडे आधी बघतात. मी एकदा प्रयोगशाळेत उभा राहून ते पाहिले आहे. पडद्यावर फोटो हळूहळू विरळ होत गेला आणि मागून कवटी वर आली. तज्ज्ञ मला दाखवत होते: डोळ्याचा बाहेरचा कोपरा हाडावरच्या खुणेच्या ठिकाणी येतोय, बुबुळ खोबणीच्या आत योग्य जागी पडतेय, भुवई वरच्या कडेला धरून चाललीय. आज ताईंचा उंचवट्यावरचा परिच्छेद वाचताना ती खूण कसली ते समजले.

---

सह्याद्री_भटका

+१ फौजदारसाहेब.

पण मग एक शंका. जागा, पुढेपणा, कोपरे बऱ्यापैकी, पापणी अंदाज, रंग शून्य, नजर कारागिराची. एवढे असताना हा चेहरा दाखवावाच कशाला? चुकीचा चेहरा पाहून खरे नातेवाईक 'हा आपला नाही' म्हणून सोडून देतील, त्याचे काय?

---

वसुधा_के

ही शंका रास्त आहे आणि ती मलाही सतावते.

दाखवावा, पण जे माहीत आहे तेवढेच ठळक करून दाखवावा. ओळखीचा चेहरा आपण आतल्या भागावरून ओळखतो: डोळे, भुवया, नाक, तोंड आणि त्यांच्यामधली अंतरे. अनोळखी चेहरा बघताना केस आणि चेहऱ्याची बाहेरची कड जास्त काम करते. बेपत्ता माणसाला ओळखायचे आहे ते घरच्यांनी, म्हणजे त्यांच्यासाठी आतला भाग महत्त्वाचा, आणि सुदैवाने त्यातली अंतरे हाड बरीचशी देते.

भुवयांबद्दल एक अभ्यास सांगते. एमआयटीतले पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध व्यक्तींच्या फोटोंतून कधी डोळे, कधी भुवया पुसून लोकांना ओळखायला सांगितले. भुवया पुसल्यावर लोक जास्त अडखळले. आणि भुवई दाट की विरळ, जुळलेली की सुटी, हे हाड सांगत नाही. त्यामुळे चेहरा राखाडी छटेत दाखवावा, डोळ्यांना रंग देऊ नये, भुवया आणि केस पुसट ठेवावेत किंवा दोन-तीन पर्याय शेजारी छापावेत. असे करणारे गट आहेत. वर्तमानपत्राला मात्र रंगीत, चमकत्या डोळ्यांचा चेहरा हवा असतो, आणि पुरातत्त्वातल्या चेहऱ्यांच्या बाबतीत तोच पसरतो.

आपल्याशी जवळचे उदाहरण राखीगढीचे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या दफनभूमीचे उत्खनन झाले, आणि तिथल्या दोन व्यक्तींचे चेहरे भारतीय आणि दक्षिण कोरियन संशोधकांनी सीटी स्कॅनवरून तयार करून २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. साडेचार हजार वर्षांपूर्वीचे चेहरे. बातम्यांखाली लगेच वंश, वर्ण, कोण कुठून आले यावर भांडणे सुरू झाली, आणि पुरावा म्हणून लोक त्या चेहऱ्यांच्या डोळ्यांकडे बोट दाखवत होते. चेहऱ्याचा जो भाग हाडाने दिलेला नाही, त्यावर असा वाद घालणे व्यर्थ आहे.

---

मिनोती

आपल्या लोकांची मोजमापे आहेत का? की आपणही युरोपातल्याच सरासरीवर बसवतो?

---

वसुधा_के

चेहऱ्यावरच्या मांसाच्या जाडीची आहेत. चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतून वायव्य भारतातल्या प्रौढांची एमआरआयवरची मोजमापे २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. डोळ्याची खोबणीतली जागा आणि पुढेपणा यांचे पायाभूत काम मात्र ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, फ्रान्समधले. मराठी मुलखातल्या माणसांवर हे करायला अवघड काहीच नाही. सायनससाठी रोज सीटी होतात आणि त्यात दोन्ही खोबणी आयत्या येतात.

---

डॉ_नेत्रवैद्य

ताई, यात मी मदत करू शकेन. आमच्या शहरात रेडिओलॉजीवाले मित्र आहेत. नैतिक समितीची परवानगी घेऊन, नावे काढून मोजता येईल. दोन अडचणी आधीच सांगतो. सीटी उताणे झोपवून होते आणि त्या स्थितीत डोळा किंचित मागे सरकतो, त्यामुळे निदान काही लोकांचे बसून हर्टेलचे मापही घ्यावे लागेल. दुसरे म्हणजे थायरॉइडचे आणि खोबणीला मार लागलेले रुग्ण वगळावे लागतील.

---

वसुधा_के

डॉक्टर, नक्की करूया. व्यक्तिगत निरोप पाठवते. वय, लिंग आणि वजन घ्यालच, त्याबरोबर चष्म्याचा नंबरही प्रत्येकाचा लिहून घ्या. ऋण नंबराचा डोळा लांब असतो. तीनेक नंबरामागे साधारण एक मिलिमीटर धरला तर उणे सहाचा डोळा दोन मिलिमीटर लांब, आणि ती लांबी खोबणीच्या मापात दिसणार नाही. नंबर न नोंदवता सरासरी काढली तर डोळा किती पुढे आला तो हाडामुळे आणि किती नंबरामुळे, हे नंतर वेगळे करता येणार नाही.